बडोद्याच्या गरब्यात कसाला लागलेला बेस: स्क्वायर क्लासिक व्हाइब सिक्स्टीज प्रिसिजन

ज्याला मंडपात, लग्नात, नाट्यगृहात आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावर उभे राहून बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचा आहे, आणि वाद्यातून निघणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या आवाजांपेक्षा कार्यक्रम सुरळीत पार पडणे ज्याला महत्त्वाचे वाटते, त्याने स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेतला सिक्स्टीज प्रिसिजन बेस इतर कोणत्याही वाद्याच्या आधी हातात घेऊन पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत दुकानात वाजवून बनलेले नाही. दांडिया बाजारातले गणेशोत्सवाचे मंडप, अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहातले भावगीतांचे कार्यक्रम आणि त्यानंतर लागलीच येणारे नवरात्र, असा बडोद्याच्या वादकाचा जो भरगच्च हंगाम असतो, त्यात हे वाद्य वापरून ते बनले आहे.

यातही खरी परीक्षा नवरात्राची. बडोद्याच्या मोठ्या गरब्यांत गायक-वादक मधोमध असतात, खेळणाऱ्यांची वर्तुळे त्यांच्याभोवती फिरत राहतात आणि एकदा ढोल सुरू झाला की एक गरबा दुसऱ्यात मिसळत जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद व्हायला हवेत. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकते आणि त्या सवलतीचा लाभ नवरात्राला मिळतो. त्यामुळे बाराच्या काट्याकडे सगळ्यांचे लक्ष असते आणि मंचावर एक मिनिटही कोणी फुकट जाऊ देत नाही. अशा वेळी बेसवाल्याला वाद्य पुन्हा जुळवायला, बॅटरी बदलायला किंवा केबल हलवून पाहायला सवड मिळत नाही. वाद्याने साथ सोडली, तर हजारो माणसे नाचत असताना खालचा आवाज एकाएकी नाहीसा होतो. खेळणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण त्याच्या पायांना ते लगेच कळते.

प्रिसिजन बेस लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणला. तोवर बेसचे काम माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे होते आणि त्याला फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या सळया, नसल्याने सूर कानाने शोधावा लागत असे. फ्रेट आले आणि बोट ठेवताच सूर अचूक लागू लागला. १९५७ मध्ये त्याचा पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, दोन तुकड्यांचा झाला. ई आणि ए या जाड तारांखाली एक तुकडा, डी आणि जी या तारांखाली दुसरा, अशी ही मांडणी आजतागायत तशीच आहे. स्क्वायर हे फेंडरच्याच घरचे नाव. त्या नावाने गिटार १९८२ पासून बनू लागल्या आणि क्लासिक व्हाइब मालिकेला सध्याचे रूप २०१९ मध्ये मिळाले. हा बेस इंडोनेशियात तयार होतो. पॉप्लरचे खोड, मेपलची मान, ३४ इंचांचे स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट, अल्निको चुंबकांचा एक पिकअप, एक व्हॉल्यूम आणि एक टोन. वाद्य एवढेच आहे, आणि अमेरिकेत बनलेल्या प्रिसिजनच्या निम्म्याहूनही कमी किमतीत ते मिळते.

दोन तुकड्यांच्या पिकअपचे महत्त्व मंडपात उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आपल्याकडे दिव्यांचे डिमर, जनरेटर, रोषणाईच्या माळा आणि साउंडच्या केबली एकाच बांबूला बांधलेल्या असतात. साध्या एकेरी कॉइलचा पिकअप हे सगळे ऐकतो आणि त्याची गुणगुण स्पीकरमधून बाहेर काढतो. फेंडरच्याच जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारखे उघडे ठेवले तर तीही शांत राहते, पण आवाज बदलण्यासाठी एक कमी करताच ती परत येते. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांतील वेटोळी आणि चुंबके परस्परांच्या उलट असतात. त्यामुळे तारांचा आवाज एकत्र येतो आणि बाहेरून शिरलेली गुणगुण आपोआप कटते. नॉब कुठेही असो, बेस शांत राहतो. गायिका आलाप घेत असताना, बाकीची वाद्ये थांबलेली असताना ही शांतता फार मोलाची ठरते.

यात बॅटरी नाही, हा या वाद्याचा मला सर्वात मोठा वाटणारा गुण आहे. ॲक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल जॅकमध्ये असेपर्यंत, कोणी वाजवो वा न वाजवो, ती खर्च होत राहते. साउंड चेक संध्याकाळी, कार्यक्रम रात्री, मधल्या काळात वाद्य स्टँडवर केबलसकट उभे, असा आपला रिवाज आहे. मला भेटलेल्या जवळपास प्रत्येक बेसवादकाकडे बॅटरी उतरल्याची एक तरी हकीकत आहे: आधी आवाज फाटू लागतो, मग दबतो, मग जातो. प्रिसिजनमध्ये तार, चुंबक, कॉइल आणि दोन नॉब यांच्यापलीकडे काहीच नसल्याने बिघाडाला जागाच फार थोडी उरते. जॅकचा नट सैल झाला तर पान्याने आवळायचा, नॉब खरखरला तर साफ करायचा. शहरातला कोणताही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा ही कामे करून देऊ शकतो.

आता आवाजाविषयी. ई तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो. सोसायटीच्या गरब्यात दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, आणि नशीब असेल तर एक सबवूफर असतो. तिथे ४१ हर्ट्झ श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही. कानाला तो सूर कळतो तो त्याच्या ८२ आणि १२३ हर्ट्झच्या उपस्वरांमुळे. प्रिसिजनचा आवाज याच भागात आणि त्याच्या थोडा वर भरदार असतो. ज्या बेसचे तळाचे आणि अगदी वरचे स्वर उठावदार असून मधला भाग पोकळ असतो, ते खोलीत एकट्याने वाजवताना भव्य वाटतात; पण ढोल, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड सुरू झाले की त्यांचा तळ ढोलाच्या जाड बाजूत बुडतो आणि वरचा भाग झांजांमध्ये विरतो. प्रिसिजन घरी एकटा ऐकला तर जरा रुक्ष, काहींना तर कंटाळवाणाही वाटेल. त्याला वाद्यमेळात ऐकावे.

हींच या गरब्याच्या ठेक्यावर चाललेला गरबा मुखड्यावर परत येतो त्या क्षणाकडे पाहावे. ढोली हात मोकळे सोडतो, कीबोर्डवाला वरच्या सप्तकात भराव घालतो, गायक शेवटचा शब्द लांबवतो आणि समेवर सगळे एकत्र येतात. बेसवाल्याचे काम तिथे दुहेरी असते: समेवर सा ठामपणे द्यायचा, आणि ढोलाची पुढची थाप पडण्याच्या किंचित आधी डाव्या हाताचे बोट सैल करून तो सूर तोडायचा. सूर लांबला तर ढोलाची थाप झाकोळते आणि लवकर तुटला तर चाल लंगडते. उजव्या हाताचा अंगठा पिकअपच्या कडेवर टेकवून, टोनचा नॉब अर्ध्यावर आणून मी ही जागा वाजवतो, तेव्हा प्रत्येक स्वराचा आरंभ आणि शेवट मला मॉनिटरशिवायही ऐकू येतो, आणि ढोली मान हलवतो ती त्या तोडण्याला. बेसचा स्वर इतका सुस्पष्ट येतो म्हणूनच लयीच्या बारीक गोष्टींवर लक्ष देता येते.

आपल्या गायकांच्या पट्ट्या आणि चार तारांचा बेस यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न परदेशी परीक्षणांत कधीच नसतो आणि इथल्या वादकाला मात्र तो रोज पडतो. गिटारच्या धड्यांतली गाणी ई, ए, जी अशा स्वरांत असतात, जिथे मोकळ्या तारा कामाला येतात. आपले गायक हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांवरून काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच सांगतात आणि मोकळ्या तारा जवळजवळ निकामी होतात. काळी एकला सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो आणि खालचा पंचम ई तारेच्या चौथ्याच फ्रेटवर, म्हणजे हात न हलवता सा-प वाजतात. पुरुष गायकांबरोबर चार तारांचा बेस म्हणूनच सुखाचा वाटतो. काळी पाचलाही अडचण नाही: सा ई तारेच्या सहाव्या फ्रेटवर, खालचा पंचम त्याच तारेच्या पहिल्यावर. काळी चारला मात्र सा ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर लागतो आणि त्याखालचा पंचम वाद्यात नसतोच. पंचम घ्यायचा तर वरचा, ए तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा. गायिका बहुधा याच भागात गातात, त्यामुळे पाच तारांचा बेस घ्यावा असा सल्ला अनेकजण देतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही गरब्यात कीबोर्डवाल्याचा डावा हात बहुतेक वेळा तळाशीच फिरत असतो आणि तिथे दोघांनी गर्दी केली तर चिखल होतो. वरचा पंचम घेतल्याने गाणे मोकळे राहते, असा माझा अनुभव आहे. भावगीतांच्या कार्यक्रमात, जिथे तबला, हार्मोनियम आणि गिटारच असतात, तिथे ती खालची पोकळी थोडी जाणवते, हे मान्य करायला हवे.

स्वरांच्या जागांबद्दल आणखी एक गोष्ट. बोल्टने जोडलेल्या मानेच्या या जुन्या रचनेत जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. मान त्या कंपनसंख्येला स्वतःच थरथरते आणि तारेची शक्ती खाऊन टाकते. हे या जातीच्या बहुतेक बेसमध्ये कमीअधिक प्रमाणात आढळते. काळी एकचा वरचा सा नेमका तिथे, सहाव्या फ्रेटवर आहे. तो लांबवायचा असेल तर डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घ्यावा. तिथे तो अधिक गोलही लागतो.

तारा बदलणे हा खर्चाचा भाग असला तरी या बेसच्या बाबतीत तो टाळू नये. राउंडवाऊंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या नेहमीच्या तारांच्या वेढ्यांमध्ये घाम आणि मैदानाची धूळ साचते आणि त्यांची चकाकी पाहता पाहता जाते. फ्लॅटवाऊंड तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली असल्याने घाण शिरायला फटी नसतात. त्या महाग पडतात पण हंगामच्या हंगाम टिकतात, बोटांनाही त्रास देत नाहीत. १९६० च्या दशकात मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांवर जेम्स जेमरसन यांनी जो बेस वाजवला तो प्रिसिजनच होता आणि त्यावर फ्लॅटवाऊंड तारा होत्या. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला ही जोडी फार उपयोगी पडते, कारण त्या काळच्या गाण्यांचा बेस गुबगुबीत आणि आखूड स्वरांचा आहे. नव्या, खणखणीत तारांवर तो उपरा वाटतो. मात्र ज्यांना अंगठ्याने तारा आपटून वाजवायचे आहे, त्यांनी फ्लॅटवाऊंडच्या वाटेला जाऊ नये.

या बेसबरोबर एक वस्तू मी अनिवार्य समजतो आणि ती म्हणजे स्वतःचा डीआय बॉक्स, बेसचा आवाज मिक्सरला मानवेल असा करून देणारी छोटी पेटी. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायच्या, पिकअपची शक्ती तोकडी असते. त्याला जवळपास दहा लाख ओहमचा रोध समोर दिसला तर तो आपला पूर्ण आवाज देतो. मंडपात घाई असली की साउंडवाला केबल सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसतो, जिथे हा रोध दहा हजारांच्या घरात असतो, आणि बेसचा वरचा सगळा भाग दबून आवाज रजई पांघरल्यासारखा येतो. मग वादक वाद्याला दोष देतो आणि साउंडवाला वादकाला. लांबच लांब केबलनेही हेच होते, कारण केबल जितकी लांब तितके वरचे स्वर ती गिळते. म्हणून बेसपासून डीआयपर्यंतची केबल आखूड ठेवावी, डीआय पायाजवळ असावा आणि तिथून पुढे मिक्सरपर्यंत माइकची केबल जावी. ती कितीही लांब असली तरी चालते. ॲक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्ट मिळतात का, हे साउंड चेकच्या वेळीच विचारून घ्यावे. प्रिसिजनला नावे ठेवणारी अनेक मते केवळ या एका जोडणीमुळे बनली असावीत, असे मला मनापासून वाटते.

लाकडाविषयी खरेदीदारांच्या मनात एक शंका असते, ती अशी की फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली मानेवरची फळी, शिसवीचा नाही, म्हणजे वाद्य हलक्या प्रतीचे. शिसवीच्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणयादीत आल्या आणि वाद्यांच्या निर्यातीला कागदपत्रांचा मोठा बोजा पडला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोपर्यंत अनेक कारखान्यांनी पर्याय स्वीकारले होते. या बेसच्या फ्रेटबोर्डला वापरलेले इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या जंगलांतला ऐन. डांगच्या जंगलात गुजराती माणूस त्यालाच सादड म्हणतो. हे लाकूड कठीण आहे, रेषा शिसवीपेक्षा थोड्या उठून दिसतात आणि वाजवताना मला काही फरक जाणवत नाही. वर्षातून एकदोनदा तारा काढून त्यावर लिंबाच्या तेलाचा अगदी हलका हात फिरवावा.

हवेचा परिणाम मात्र प्रत्येक लाकडी वाद्यावर होतो आणि बडोद्याची हवा त्या बाबतीत कठोर आहे. पावसाळ्यातला ओलावा आणि हिवाळ्यातली कोरडी हवा यांत मानेचा बाक बदलतो. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि मध्यावर तार व फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड सरकते का ते पाहावे. कार्ड सैल सरकत असेल किंवा मुळीच शिरत नसेल, तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली बाक सांभाळणारी सळई, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त न फिरवता दुरुस्त करावा आणि रात्रभर थांबून पुन्हा पाहावे. हिवाळ्यात लाकूड आकसले की फ्रेटची टोके बोटाला बोचू लागतात. कारागीर ती कानशीने घासून देतो आणि काम फार मोठे नसते.

मान रुंद आहे, निदान जॅझ बेसच्या तुलनेत नक्कीच. लहान हाताच्या वादकाने पहिल्या चार फ्रेटवर भरपूर वाजवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. वाद्य साधारण चार किलोंच्या आसपास भरते. तीन इंच रुंदीचा चामडी पट्टा घेतला की खांद्यावरचा भार वाटला जातो. मानेला जुन्या पद्धतीचे चकचकीत पॉलिश आहे, ज्यांच्या तळव्याला फार घाम येतो त्यांनी हातरुमाल खिशात ठेवावा.

ज्याचे काम मुख्यतः फ्यूजनचे, एकल वादनाचे किंवा आधुनिक गॉस्पेल शैलीचे आहे, ज्याला २४ फ्रेट आणि मंचावर क्षणात बदलणारे आवाज हवे आहेत, त्याच्यासाठी हे वाद्य नाही. त्याने चांगला पाच तारांचा ॲक्टिव्ह बेस घ्यावा आणि बॅटरीची काळजी घ्यावी. चर्चासत्रांत आणि चित्रफितींत ज्या वाद्यांची वाहवा होते ती बहुधा याच कामासाठी बनलेली असतात. परंतु आपल्या शहरांत बेस वाजवून पोट भरणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम गायकाच्या मागे, ढोल-तबल्याच्या शेजारी उभे राहण्याचे आहे, आणि त्या कामाला लागणारे जवळजवळ सगळे या साध्या लाकडी फळीत आहे.

दुकानात गेल्यावर एकाहून अधिक नग असतील तर सगळे वाजवून पाहावेत आणि आधी ॲम्प्लिफायरला न जोडताच वाजवावेत. ई तारेचा चौथा फ्रेट, ए तारेचा चौथा फ्रेट आणि जी तारेचा पाच ते सात हा पट्टा प्रत्येकावर ऐकावा; जो नग हातात जास्त थरथरतो आणि जी तारेवर कमी विझतो, तो बाजूला काढावा. दोन नग सारखे वाटले तर हलका घ्यावा. खरेदी उन्हाळ्यात करावी, नवरात्राच्या तोंडावर करू नये. एक पावसाळा त्याला इथल्या हवेत काढू द्यावा, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत त्यावर हात बसवावा आणि भाद्रपदाच्या अखेरीस, पहिल्या माळेच्या आधी, चांगल्या कारागिराकडून नव्या तारांसह सेटअप करून घ्यावा.